विद्यापीठाचा इमर्जन्सी मेसेज तुमच्या फोनवर खरंच येतो का, आजच बघून घ्या

दुसऱ्या सेमिस्टरला मी सिम बदललं. नवा नंबर बँकेत दिला, घरी दिला, मैत्रिणींना दिला, विद्यापीठाच्या पोर्टलवर मात्र जुनाच राहिला कारण तिथे तो कशाला लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग एकदा रात्री दीडच्या सुमाराला हॉस्टेलच्या तळमजल्यावर गॅसचा वास आला, सिक्युरिटीने लगेच सगळ्यांना एसएमएस टाकला की जिन्याने खाली या, लिफ्ट वापरू नका, आणि आमचा अख्खा मजला मैदानात जाऊन उभा राहिला, मी सोडून. शेजारच्या खोलीतल्या मुलीने खाली गेल्यावर कोण कोण आलंय ते बघितलं, मी दिसेना म्हणून ती परत वर आली आणि माझं दार बडवलं. तिला वर यावं लागलं ते माझ्यामुळे, ही गोष्ट मला अजून खुपते. मेसेज वेळेवर गेला होता, शब्द बरोबर होते, यादीही होती, त्या यादीत माझा नंबर तेवढा चुकीचा होता.

म्हणून हे लिहितेय. नवीन ॲडमिशन झालेल्यांसाठी, स्टाफसाठी, मुलं हॉस्टेलला असलेल्या आईबाबांसाठी, आणि शेवटी थोडं मेसेज लिहून पाठवणाऱ्यांसाठीपण.

आधी हे मेसेज आले कुठून ते सांगते, म्हणजे त्यांना स्पॅम समजून कोणी बाजूला सारणार नाही. १६ एप्रिल २००७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये सकाळी सव्वासातच्या सुमाराला एका हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या. विद्यापीठाचा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी, आणि त्यानंतर पाऊण तासाच्या आतच दुसऱ्या इमारतीत, वर्ग चालू असताना, आणखी ३० जण मारले गेले. वर्गात बसलेलं माणूस सकाळी ईमेल उघडून बसतं का? फोन मात्र खिशात असतो. अमेरिकेत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती उघड करायचा कायदा १९९० पासून होता, लीहाय विद्यापीठात १९८६ साली हॉस्टेलच्या खोलीत खून झालेल्या जीन क्लेरी या विद्यार्थिनीच्या नावाने तो ओळखला जातो, त्यात २००८ ला भर पडली की धोका आहे अशी खात्री झाली की कॅम्पसला ताबडतोब कळवायचं आणि वर्षातून निदान एकदा ही सिस्टीम चालवून बघायची. तेव्हापासून एसएमएस अलर्ट ही तिथल्या विद्यापीठांमध्ये नेहमीची गोष्ट झाली.

आता कामाचं.

पहिलं काम नंबर. विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन करा, प्रोफाइल किंवा कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन असं काहीतरी असेल तिथे जा. इथे एक घोटाळा फार जणांचा होतो. 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' असा एक रकाना असतो, त्यात आपण आईचा किंवा बाबांचा नंबर टाकतो आणि समजतो की झालं काम. तो रकाना तुम्हाला काही झालं तर कोणाला फोन करायचा यासाठी असतो, त्यावर अलर्ट जात नाही. अलर्टसाठी तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर वेगळ्या ठिकाणी द्यावा लागतो, कुठे त्याला 'इमर्जन्सी नोटिफिकेशन' म्हणतात, कुठे 'टेक्स्ट अलर्ट', कुठे नुसताच 'मोबाइल'. दोन्ही रकाने उघडून डोळ्यांनी बघा.

काही विद्यापीठं ॲडमिशनच्या वेळचा नंबर आपोआप यादीत टाकतात आणि नको असेल तर तुम्ही बाहेर पडायचं, काही ठिकाणी उलट आहे, तुम्ही स्वतः जाऊन नाव नोंदवल्याशिवाय एकही मेसेज येत नाही. आपल्याकडे यातलं कुठलं आहे ते अंदाजाने ठरवू नका. आणि आपोआप टाकणाऱ्या ठिकाणीसुद्धा टाकलेला नंबर ॲडमिशन फॉर्मवरचा असतो, तो फॉर्म बाबांनी भरला असेल तर त्यावर बाबांचा नंबर असण्याची शक्यता भरपूर, म्हणजे कॅम्पसवर आग लागली की मेसेज जाणार घरी आणि तुम्ही वर्गात.

दोन सिम असतील तर जे सिम कायम चालू असतं त्याचा नंबर द्या, डेटासाठी घेतलेलं आणि महिना संपला की बंद पडणारं सिम नको. परदेशात शिकायला गेला असाल तर सुरुवातीचे काही दिवस आपण घरचाच नंबर रोमिंगवर चालवतो, पण हे अलर्ट पुष्कळदा पाच किंवा सहा आकडी छोट्या नंबरवरून येतात आणि असे छोटे नंबर एका देशापुरते असतात, दुसऱ्या देशाच्या सिमवर ते मेसेज बहुतेक पोचतच नाहीत. तिथलं सिम घेतलंत की त्याच दिवशी पोर्टलवर नंबर बदला. तिथल्या काही प्रीपेड प्लॅनमध्ये अशा छोट्या नंबरांचे मेसेज मुळातच बंद असतात, तेही कंपनीला विचारून घ्या.

सेव्ह केल्यावर बऱ्याच ठिकाणी एक कोड येतो, तो टाकला की नंबर पक्का होतो. कोड न टाकता पान बंद केलं तर नंबर दिसतो पण चालू नसतो, हे माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत झालंय, दोन वर्षं तो यादीत आहोत असं समजत होता.

दुसरं काम, तो नंबर फोनमध्ये सेव्ह करणं. लोक इथे थांबत नाहीत पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. अनोळखी नंबरचे मेसेज बाजूला टाकायची सोय आता जवळपास सगळ्या फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये अनोळखी सेंडर वेगळ्या यादीत जातात आणि त्यांची घंटी वाजत नाही, अँड्रॉइडच्या मेसेज ॲपमध्ये स्पॅमचा वेगळा फोल्डर असतो. विद्यापीठाचा अलर्ट तिथे जाऊन पडला तर तो आला काय आणि न आला काय. त्यामुळे अलर्ट कुठल्या नंबरवरून येतो ते विद्यापीठाच्या साइटवरून काढा (एकापेक्षा जास्त नंबर असू शकतात, सगळे एकाच कॉन्टॅक्टमध्ये टाका) आणि 'विद्यापीठ अलर्ट' अशा सरळ नावाने सेव्ह करा. स्क्रीनवर आकड्यांच्या जागी हे नाव दिसलं की झोपेतून उठलेलं माणूसही तो उघडतं. आणि आत्ताच स्पॅम फोल्डर उघडून बघा, जुने टेस्ट मेसेज तिथे सापडले तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मग येतो सायलेंट आणि डू नॉट डिस्टर्ब. रात्री हे चालू असणारच, असावंही. आयफोनवर सेव्ह केलेला कॉन्टॅक्ट उघडून एडिट करा, टेक्स्ट टोनमध्ये गेलात की सगळ्यात वर 'इमर्जन्सी बायपास' असं बटण आहे, ते चालू करा, म्हणजे फोन सायलेंटवर असला तरी या एका कॉन्टॅक्टचा आवाज येतो. रिंगटोनमधलं बायपास वेगळं असतं आणि टेक्स्ट टोनमधलं वेगळं, आपल्याला टेक्स्टचं हवंय. अलर्ट फोन कॉलनेपण येत असेल तर दोन्ही करा. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टला स्टार द्यायचा आणि डू नॉट डिस्टर्बच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टार केलेल्या लोकांच्या मेसेजला परवानगी द्यायची, प्रत्येक कंपनीच्या फोनवर मेनू थोडा इकडेतिकडे असतो पण सोय असते. नुसत्या सायलेंटवर ही परवानगी दरवेळी चालत नाही, म्हणून रात्री सायलेंट बटणापेक्षा डू नॉट डिस्टर्ब वापरा. आणि या कॉन्टॅक्टला टोन वेगळा लावा. रोजचा टोन असेल तर हात उशीकडे जातो आणि परत झोप लागते.

एक गोष्ट मला वारंवार समजावून सांगावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' म्हणून जे असतं, ज्याचा तो कर्कश आवाज येतो, ते सरकारचं असतं, वादळ, पूर, भूकंप वगैरेसाठी. ते मोबाइल टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम जातं, त्याला तुमचा नंबर माहीत असायची गरज नसते. विद्यापीठाचा एसएमएस यादीतल्या एकेका नंबरला सुटा जातो. त्यामुळे एक चालू आहे म्हणजे दुसरं आहेच असं अजिबात नाही, दोन्ही वेगवेगळं बघावं लागतं.

एसएमएस एकेकाला जातो याचाच दुसरा अर्थ असा की तो सगळ्यांना एकाच क्षणी मिळत नाही. हजारो मेसेज रांगेने सुटतात, वाटेत नेटवर्कवर गर्दी असेल तर अडकतात, फोन बंद असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर थांबून राहतात आणि नंतर येतात. मैत्रिणीला आला आणि तुम्हाला पाच मिनिटांनी आला तर त्यात नवल नाही. म्हणून मेसेज उघडल्यावर आत वेळ लिहिलीय का ते आधी बघा, कारण विमान प्रवासानंतर फोन चालू केल्यावर येणारा 'बाहेर पडा' हा मेसेज चार तासांपूर्वीचा असू शकतो, आणि दोन मेसेज उलट क्रमानेही येऊ शकतात, 'धोका टळला' आधी आणि 'आत थांबा' नंतर.

आणि नुसत्या एसएमएसवर राहू नका. तळघरातल्या लॅबमध्ये नेटवर्क नसतं पण वायफाय असतं, तिथे ईमेल किंवा ॲपचं नोटिफिकेशन पोचेल आणि एसएमएस पोचणार नाही. कॅम्पसची लाइट गेली की वायफाय जातं, तेव्हा एसएमएस पोचेल. पोर्टलवर जेवढे मार्ग दिलेत, एसएमएस, ईमेल, कॉल, ॲप, त्या सगळ्यांवर टिक करा. इथे कंजूषपणा नको, हे मेसेज काही रोज येत नाहीत. आईबाबांचा नंबर जोडायची सोय असेल तर त्यांना विचारून जोडा, पण त्यांना एक सांगून ठेवा की मेसेज आला की लगेच मला कॉल करू नका, मी लपून बसलेली असेन आणि फोन वाजला तर अडचण होईल, मीच दोन शब्द टाकेन.

टेस्ट मेसेजचा दिवस विद्यापीठ बहुतेक वेळा आधी जाहीर करतं. त्या दिवशी तो कधी आला, आवाज झाला का, शेजारच्याला आला का, एवढं नीट बघा. नाही आला तर त्याच दिवशी हेल्पडेस्कला कळवा, कारण टेस्ट घेतात ती त्यासाठीच. आणि त्या मेसेजला कंटाळून 'स्टॉप' असा रिप्लाय करू नका. बऱ्याच सिस्टीममध्ये या एका शब्दाने तुमचा नंबर यादीतून जातो आणि पुढचा खरा मेसेजही येत नाही. चुकून केला असेल तर बहुतेक ठिकाणी 'स्टार्ट' पाठवून परत चालू होतं, खात्री मात्र पोर्टलवर करून घ्या.

आता मेसेज खरोखर आल्यावर काय करायचं. शेवटपर्यंत वाचा. आपण पहिल्या तीन शब्दांवर धावत सुटतो आणि 'तिकडे जाऊ नका' हे चौथ्या ओळीत असतं. साधारण तीन तऱ्हेच्या सूचना असतात आणि त्यांची गल्लत जिवावर येऊ शकते. 'बाहेर पडा' म्हणजे इमारत सोडा, आग किंवा गॅस असेल तेव्हा, जिन्याने, सामान न घेता. 'आत थांबा' म्हणजे बाहेर धोका आहे, वादळ किंवा विषारी धूर, खिडक्या लावून आतल्या भागात बसा, रसायन हवेत असेल तर पंखा एसी बंद करा. 'लॉकडाउन' म्हणजे धोका माणसाचा आहे, दार आतून बंद, दिवे बंद, फोन पूर्ण सायलेंट, त्या बायपास केलेल्या टोनसकट, आणि दाराखिडकीतून दिसणार नाही अशी जागा. माणूस शस्त्र घेऊन फिरतोय अशा वेळी अमेरिकेत पळा, लपा, लढा असा क्रम शिकवतात, म्हणजे वाट मोकळी असेल तर आधी निघून जा, नसेल तर लपा, आणि काहीच उरलं नाही तरच हाताला येईल त्याने सामना करा.

हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून ज्या ज्या खोलीत तुम्ही आठवड्यातून एकदा तरी बसता तिथे बसल्या बसल्या दोन गोष्टी बघून ठेवा, दुसरं दार कुठे आहे आणि दार आतून बंद होतं का. मी रिकाम्या तासाला आमच्या सेमिनार रूमचं दार बंद करून बघितलं तर आतून कडीच नव्हती, किल्ली बाहेरून लागायची. लेखी तक्रार दिली, पंधरा दिवसात आतून फिरवायचं लॉक बसलं.

मेसेज आला की शेजारच्यांना सांगा. मोठ्याने. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्क्रीन दाखवा, जो व्हीलचेअरवर आहे त्याच्याबरोबर कोण जाणार ते तिथल्या तिथे ठरवा. वर्गात फोन बॅगेत ठेवायला लावणाऱ्या सरांना माझी कळकळीची विनंती आहे की एक फोन तरी टेबलावर चालू राहू दे, तुमचा स्वतःचा चालेल, तास संपेपर्यंत त्या खोलीची जबाबदारी तुमच्यावर आहे.

काय झालंय ते विचारायला सिक्युरिटीला कॉल करू नका, त्या लाइनवर खरंच जखमी झालेलं कोणी लागत असेल. तुमच्याकडे सांगण्यासारखं असेल, काही दिसलं असेल, तर जरूर करा. घरी कळवायला कॉलपेक्षा मेसेज टाका, गर्दीच्या नेटवर्कवर कॉल लागला नाही तरी मेसेज पुष्कळदा जातो, थोडा उशिरा का होईना. आणि ग्रुपवर 'असं ऐकलंय' वालं काही पुढे ढकलू नका, विद्यापीठाचा मेसेज शब्द न बदलता, वेळेसकट टाका, नाहीतर काहीच टाकू नका. 'ऑल क्लिअर' आल्याशिवाय जागा सोडू नका, बाहेर शांत वाटलं तरीही.

चुकीचा अलर्टही जाऊ शकतो. १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी सगळ्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा सरकारी अलर्ट गेला आणि तो खोटा असल्याचा दुसरा अलर्ट यायला ३८ मिनिटं लागली. तरी माझं म्हणणं असंच आहे की अलर्ट आला की आधी खरा धरून हला, खातरजमा सुरक्षित जागी बसून करा. फक्त लिंकच्या बाबतीत सावध राहा, खरा अलर्ट तुमचा पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे कधी मागत नाही, तसं काही मागत असेल तर तो अलर्ट नाहीच.

आता पाठवणाऱ्यांसाठी. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यापेक्षा मोठा झाला की तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा ६७ चा, ते मागेपुढे पोचायची भीती. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांना दिसते तशी होत नाही. 'स्ट्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, फोन त्याचे सहा मोजतो, पाय मोडल्याची खूण आणि वेलांटी सगळं वेगवेगळं धरून. हा मेसेज बघा: 'गॅस गळती, केमिस्ट्री बिल्डिंग. बाहेर पडा. तिकडे जाऊ नका. १०:४०'. हे झाले ६२. पुढे 'अलर्ट:' आणि एक स्पेस जोडली तरी ६९, एका मेसेजमध्ये बसलं. आणि हे बघा: 'विद्यापीठातील सर्व विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना कळवण्यात येते की'. हेही बरोब्बर ६२, आणि अजून काय झालंय ते आलेलंच नाही. काय झालं, कुठे, काय करायचं, किती वाजता, एवढंच लिहा, सविस्तर साइटवर टाका. इमारतीचं नाव मुलं बोलतात तेच घ्या, कागदावरचं देणगीदाराचं लांबलचक नाव नको. इंग्रजी मेसेजमध्ये एखादी इमोजी टाकली तरी मर्यादा १६० वरून ७० वर येते, हेही लक्षात असू द्या. आणि हे सगळे मेसेज आधीच लिहून, मोजून ठेवा, आग, गॅस, वादळ, लॉकडाउन, ऑल क्लिअर, म्हणजे ऐनवेळी जागा आणि वेळ भरायची आणि पाठवायचं. पाठवायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवू नका, तो माणूस रजेवर असतो, मीटिंगमध्ये असतो, झोपलेला असतो. रात्रपाळीला कोण पाठवणार हे लिहून ठेवा.

शेवटचं काम विद्यापीठ सोडताना. पोर्टलचं लॉगिन बंद व्हायच्या आधी नंबर काढून टाका, आईबाबांचेही. सिम सोडून देणार असाल तर आधी इथून काढा, कारण मोबाइल कंपन्या बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात. त्या रात्री माझा जुना नंबर कोणाला मिळालेला असेल तर त्या माणसाला दीड वाजता मेसेज आला असणार की जिन्याने खाली या, लिफ्ट वापरू नका.